वेळासच्या पडवीत स्क्विड

वीकेंडला तुम्ही काय करता? खरं सांगा. लाँड्री, मॉल, एखादा पिक्चर आणि रविवारी संध्याकाळी पाचपासून पोटात येणारा सोमवारचा गोळा. माझंही फार वेगळं नाही. फ्रीलान्सर असल्यामुळे माझा सोमवार जरा उशिरा उगवतो, इतकंच. त्यामुळे मार्चमधल्या एका गुरुवारी मावसभावाचा फोन आला, "वेळासला येतेस का, कासवं बघायला?" तेव्हा मी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. चूक केली. पुढचं वाक्य होतं, "आणि थोडं काम आहे आमचं."

शनिवारी पहाटे पाचला गाडीची डिकी उघडली तेव्हा त्या थोड्या कामाचा अंदाज आला. तीन लॅपटॉप, दोन एक्स्टेंशन बोर्ड, एक जुनी बॅटरी, वायरींचं भेंडोळं आणि त्याखाली कुठेतरी माझ्या सॅकसाठी वीतभर जागा. दादा एका कंपनीत सिस्टिम अॅडमिन आहे. वहिनी हिंजवडीत टेस्टर. तिसरा दादाचा मित्र, पॉलिटेक्निकला शिकवतो. त्याचे विद्यार्थी त्याला सर म्हणतात म्हणून आम्हीही सरच म्हणतो. हे तिघं वर्षातून एकदा असं चंबूगबाळं उचलून कुठेतरी जातात आणि दोन दिवस एका सॉफ्टवेअरची डागडुजी करतात. पगार नाही, अप्रेझल नाही, ऑनसाइटही नाही.

"मग मिळतं काय?" मी विचारलं.

"सोलकढी," वहिनी म्हणाली. तो विषय तिथेच संपला.

ताम्हिणी मार्चमध्ये पाहिलायत का? पावसाळ्यातल्या धबधब्यांच्या फोटोंनी या घाटाची इमेज फार एकसुरी करून टाकलीय. उन्हाळ्याच्या तोंडावर इथे गर्दी नसते, काटेसावर आणि पळस फुललेले असतात आणि वळणावर मॅगीवाले चक्क तुमच्याशी बोलायला मोकळे असतात. माणगावला मिसळ, म्हसळ्याच्या पुढे झोप आणि डोळे उघडले तेव्हा समोर सावित्री नदीचं रुंद मुख. बागमांडल्याच्या जेट्टीवर गाडी फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडे वेश्वीला उतरायचं. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. डोंगरावर बाणकोटचा किल्ला दिसतो. मराठ्यांचा हिम्मतगड. अठराव्या शतकात इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा त्याचा फोर्ट व्हिक्टोरिया झाला. बोटीत सगळे फोटो काढत होते. मी मात्र तिकिटाच्या खिडकीजवळ रंगवलेल्या वेळापत्रकाकडे बघत होते, आणि मला जरा कसंतरी होत होतं. त्याचं कारण पुढे येईलच.

वेळास मंडणगड तालुक्यात. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, पण आज ते ओळखलं जातं ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. २००२ पासून इथे गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची अंडी जपली जातात आणि त्याभोवती गावातल्या घरांमधून पर्यटकांची राहायची-जेवायची सोय उभी राहिली. हॉटेल नाही. शेणाने सारवलेलं अंगण, पडवी, आगोटीची वाट बघत रचलेली लाकडं आणि एक काकू.

या काकूंशी आमची पहिली भेट थोडक्यात वाचली. घर शाकाहारी. दादा गाडीतून सामान काढताना मोठ्याने ओरडला, "सर, आधी स्क्विड आत घ्या, उन्हात तापलाय."

काकू पदर खोचून दारात उभ्या राहिल्या. "अहो, आमच्याकडे चालत नाही ते. बाहेर ठेवा."

स्क्विड म्हणजे आपली माकुली. दापोली-हर्णैच्या लिलावात टोपल्याने असते, हे काकूंना न समजायला त्या काही पुण्याच्या नव्हत्या. त्यांची समजूत घालायला दहा मिनिटं लागली. "काकू, हे नाव आहे. कॉम्प्युटरमधलं." "मग असलं नाव कशाला ठेवलं?" या प्रश्नाचं खरं उत्तर मला नंतर कळलं. हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं तेव्हा चांगली नावं आधीच संपली होती, आणि तात्पुरतं म्हणून घेतलेलं सांकेतिक नाव चिकटलं ते चिकटलंच. आपल्याकडे घरोघरी एक बबड्या असतो आणि पन्नाशीतही बबड्याच राहतो, तसं.

आता हा स्क्विड करतो काय? मास कॉमच्या डिग्रीत हे शिकवत नाहीत. पण त्याची माझी तोंडओळख कॉलेजातच झाली होती. मीडिया लॅबमध्ये एखादी साइट उघडायला गेलं की पांढरं पान यायचं. हवा असलेला पत्ता आणता आला नाही, प्रवेश नाकारला आहे, काही अडचण असेल तर तुमच्या कॅश अॅडमिनिस्ट्रेटरशी बोला. आम्ही तीन वर्षं त्या पानाला शिव्या घातल्या. तो अॅडमिनिस्ट्रेटर कोण, कुठे बसतो, जेवतो काय, याचा विचार एकदाही केला नाही.

सरांनी मला मामांच्या भाषेत समजावलं. तुमच्या ऑफिसात मामा असतातच. प्रत्येकाने चहासाठी खाली जायचं नाही, मामांना सांगायचं. मामा जातात, आणतात. हुशार मामा एक थर्मास भरून ठेवतात, म्हणजे पुढच्याने मागितला की जिना उतरायला नको. कोणी काय मागवलं ते वहीत लिहितात. आणि साहेबांनी एक यादी दिलेली असते: अमक्याला आणून द्यायचं, तमक्याला नाही. स्क्विड म्हणजे हे मामा. तुमच्या मशीनच्या वतीने तो इंटरनेटवर जातो, म्हणून प्रॉक्सी. थर्मास म्हणजे कॅश. वही म्हणजे लॉग. त्या वहीतली वेळ तो घड्याळाची लिहीत नाही, १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते लिहितो. मामांना जरा सवय आहे.

या मामांचं वय तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त निघालं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डरमधल्या हार्वेस्ट नावाच्या प्रकल्पात याची मुळं आहेत. त्यातला कॅशचा भाग पुढे धंद्यात जायला निघाला, तेव्हा त्याची शेवटची खुली आवृत्ती घेऊन ड्वेन वेसल्स यांनी तो वेगळा वाढवला. पहिली आवृत्ती जुलै १९९६ ची. अमेरिकन सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा पैसा २००० पर्यंत होता. तो संपल्यावर गाडी चालली ती मुख्यत्वे स्वयंसेवकांवर. विकिपीडियाची पानंही अनेक वर्षं स्क्विडमधूनच आपल्यापर्यंत पोचायची. थर्मासचं काम मात्र आता कमी झालंय. आज बहुतेक साइट्स कुलूपबंद जोडणी वापरतात, त्यामुळे मामांना पुडी बंदच द्यावी लागते, आत काय आहे ते दिसत नाही. तरी कोण कुठे जाणार हे ठरवायला आणि वही ठेवायला शाळा, कॉलेजं, ऑफिसं त्यांना अजून ठेवून आहेत.

"आणि त्यांची देखभाल तुम्ही तिघं करता?" मी जरा जास्तच भारावून विचारलं.

"छे गं. आम्ही फक्त अंगण झाडतो," दादा म्हणाला. "मुख्य घर सांभाळणारे वेगळे आहेत. पण तेही मोजकेच." मग त्याने सांगितलं की २०२१ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने स्क्विड बारकाईने तपासला आणि ५५ दोष काढले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने ती यादी जाहीर केली तेव्हा त्यातल्या ३५ दोषांवर इलाज झालेला नव्हता. आळस नव्हता, हात कमी होते. काही दुरुस्त्या तर वजाबाकीच्या होत्या. गोफर नावाच्या इंटरनेटच्या आद्य काळातल्या पद्धतीसाठी जो कोड पडून होता, तो सहाव्या आवृत्तीत सरळ काढूनच टाकला. वापरत कोणी नाही आणि चोराला मात्र वाट. माळ्यावरचं सामान असतं ना, तेच.

दुपारी कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, भात. जेवणानंतर पडवीत चटया पडल्या आणि कारखाना सुरू झाला. वहिनीच्या वाट्याला जुन्या तक्रारी होत्या. जगभरातल्या लोकांनी कधीतरी नोंदवलेल्या, प्रत्येकीला नंबर असलेल्या. तिचं काम एवढंच पाहायचं: हा बग अजून जिवंत आहे का? ऐकायला सोपं वाटतं. एका तक्रारीत माणसाने लिहिलंय, प्रोग्रॅम मध्येच कोसळतो. कोणती आवृत्ती? लिहिलेलं नाही. काय केल्यावर? लिहिलेलं नाही. डॉक्टरकडे जाऊन 'दुखतं' म्हणायचं आणि कुठे ते सांगायचं नाही, असं झालं हे. दुसरी तक्रार इतक्या जुन्या आवृत्तीवरची की ती आता कोणी चालवतच नसेल. नव्या आवृत्तीवर तिने तीन वेगवेगळ्या प्रकारे करून पाहिलं, काही झालं नाही, तसं लिहून ठेवलं. तिसरी मात्र खरी निघाली. सोबत कोणीतरी आपल्या ऑफिसची चारशेहून जास्त ओळींची सेटिंगची फाइल जोडली होती. वहिनीने ती अर्धी कापली. अजून कोसळतोय. पुन्हा अर्धी. कोसळतोय. असं करत करत संध्याकाळी चारला तिच्याकडे नऊ ओळी उरल्या. त्या नऊ ओळी दिल्या की स्क्विड हमखास आडवा. त्यातली एकही काढली की ठणठणीत.

"झालं की मग काम!" मी म्हटलं.

"आता कुठे सुरू झालं," सर म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप मांडीवर ओढला. ते सी प्लस प्लसमधलं प्रकरण असतं आणि प्रत्येक बदलानंतर सगळं पुन्हा बांधून घ्यावं लागतं. त्यांचा जुना लॅपटॉप तेव्हा इतका तापायचा की काकूंचं मांजर त्याला चिकटून झोपलं.

आणि मी? मला वाटलं होतं मी समुद्रावर जाईन. दादाने माझ्यापुढे एक लॅपटॉप सरकवला. "हे वाच आणि जिथे अडशील तिथे खूण कर."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच."

ती होती डॉक्युमेंटेशनची पानं. मामांना काय काय सांगता येतं आणि कसं सांगायचं, त्याचं पुस्तकच म्हणा. यातली एक गोष्ट मला जाम आवडली. स्क्विडमध्ये प्रत्येक सेटिंगची माहिती वेगळ्या कपाटात ठेवलेली नाही. ज्या फाइलमध्ये प्रोग्रॅमला सांगितलेलं असतं की ही सेटिंग आहे, तिथेच, तिच्या पोटात, माणसांसाठीचा मजकूर असतो. त्याच फाइलमधून प्रोग्रॅमही घडतो आणि मॅन्युअलही. म्हणजे निदान कल्पना तरी अशी की कोड बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर समजुतीचे शब्द असावेत. पण उदाहरणांची, 'असं करा' सांगणारी पानं निराळी असतात, आणि ती शिळी होतात.

अर्ध्या तासात मी तेवीस खुणा केल्या. बऱ्याच माझ्या अज्ञानाच्या होत्या. पण एका ठिकाणी दादा थांबला. कोणाच्या मशीनला कळू न देता मध्येच त्याचं ट्रॅफिक अडवून स्क्विडकडे वळवायचं असेल तर काय लिहायचं, त्याचं उदाहरण होतं. सरांनी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांसाठी गोळा केलेल्या नोंदींमधलं. एका ओळीत ३१२८ हा पोर्ट आणि पुढे 'ट्रान्सपरंट' हा शब्द. त्याखालच्या परिच्छेदात मात्र 'इंटरसेप्ट' म्हटलेलं. मी भाबडेपणाने विचारलं, हे दोन वेगळे प्रकार आहेत का?

नाहीत. २०१० मध्ये ३.१ आवृत्ती आली तेव्हा पहिल्याचं नाव बदलून दुसरं ठेवलं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये आणखी एक गोष्ट आली: अडवलेल्या ट्रॅफिकसाठी एक पोर्ट आणि सरळ सांगून येणाऱ्यांसाठी दुसरा, असे दोन वेगळे लागतात. जुनं एका ओळीचं उदाहरण जसंच्या तसं उतरवलं तर स्क्विड कुरकुरतो की साध्या मार्गाने येणाऱ्यांसाठी दारच ठेवलेलं नाही. जाणकाराला हे पाठ असतं. नवखा मात्र रात्रभर डोकं आपटत बसतो, कारण पुस्तकात लिहिलंय तसंच तर त्याने केलेलं असतं.

संध्याकाळी साडेपाचला आम्ही किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनातून वाट आहे. पुढे वाळूत कुंपण घातलेला चौकोन. समुद्रकाठची घरटी कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचावीत म्हणून अंडी इथे आणून पुरतात. प्रत्येक घरट्यापाशी पाटी: नंबर, तारीख, अंडी किती. पिल्लं बाहेर यायला दीड महिना ते दोन महिने लागतात, त्यामुळे तारीख चुकली तर सगळं गणित चुकतं. कासवमित्राने एक एक टोपली उचलून बघितली. खाली नुसती वाळू. शंभरेक पर्यटकांमधून एक मोठा सुस्कारा निघाला. एका पोराने तर भोकाड पसरलं. "उद्या सकाळी या," कासवमित्र म्हणाला. "नक्की निघतील का?" "ते पिल्लांना विचारा."

वहिनी त्या पाट्यांकडे बराच वेळ बघत उभी होती. "यांना आमच्या कंपनीत घ्यायला पाहिजे," ती म्हणाली. "नंबर आहे, तारीख आहे, संख्या आहे. आणखी काय लागतं?"

रात्री वीज गेली. कोकणात हे धरूनच चालायचं. बॅटरीवर सरांचा लॅपटॉप तेवढा चालू ठेवला आणि आम्ही बाकीचे अंधारात पडवीत बसलो. मी सहज विचारलं, "दादा, तुला या डॉक्युमेंटेशनचंच एवढं का पडलंय? बग सोडवणं जास्त भारी दिसतं ना रेझ्युमेवर?"

तो बराच वेळ गप्प होता. वहिनी म्हणाली, "सांग तिला. आता काय आहे त्यात."

दादाची पहिली नोकरी २०११ मधली. आमच्या घरात त्या नोकरीबद्दल एवढंच ठाऊक होतं की त्याने ती सोडली आणि दुसरी चांगली मिळाली. तसं नव्हतं. त्या ऑफिसात त्याला प्रॉक्सी लावायला सांगितला होता. बावीस वर्षांचा होता, शिकवणारं कोणी नाही. त्याने एक तयार उदाहरण शोधलं आणि उतरवलं. स्क्विडची परवानगीची यादी वरून खाली वाचली जाते आणि जी ओळ पहिल्यांदा लागू पडेल तिथे वाचन थांबतं. दादाच्या यादीत 'सगळ्यांना येऊ द्या' वर होतं आणि 'बाहेरच्यांना अडवा' त्याच्या खाली. मामांनी पहिली ओळ वाचली, यादी मिटली. खालच्या ओळीपर्यंत ते कधी पोचलेच नाहीत. त्या उदाहरणात पहिली ओळ होती, कारण ते कोणीतरी स्वतःच्या घरातल्या बंद नेटवर्कसाठी लिहिलं होतं. तिथे ते बरोबरच होतं. तसं लिहिलेलं मात्र कुठेच नव्हतं.

आठवड्याभरात जगातले कोण कोण त्या ऑफिसच्या दारातून ये-जा करायला लागले. लाइन मंदावली. मग त्यांच्या पत्त्याचं नाव काळ्या यादीत गेलं आणि कंपनीचे ईमेल ग्राहकांना पोचेनात. दादा कंत्राटावर होता. महिनाअखेरीला कंत्राट संपलं.

"मावशीला माहितेय?" मी विचारलं.

"आईला अजून नाही माहीत. दोन महिने मी रोज डबा घेऊन निघायचो. लायब्ररीत बसायचो. डबा खायचो. सहाला घरी."

मावशी आमच्याकडे येऊन सांगायची, पोरगा किती राबतो, चेहरा बघ कसा उतरलाय. मी तेव्हा शाळेत होते. मला ते वाक्य आठवलं आणि अंधार होता याचं बरं वाटलं.

"त्या माणसाचा राग नाही आला? ज्याने ते उदाहरण लिहिलं?"

"आला ना. मग लक्षात आलं, त्याने चुकीचं काहीच लिहिलं नव्हतं. कोणासाठी आणि कधीचं, ते फक्त लिहायचं राहिलं होतं."

मग मीही माझं सांगितलं. चार वर्षांपूर्वी मी एका साप्ताहिकासाठी असाच वीकेंडचा लेख लिहिला होता. दुसरी एक खाडी, दुसरी एक फेरीबोट. शेवटच्या फेरीची वेळ मी जुन्या कात्रणातून घेतली. डेडलाइन होती, फोन करायचा कंटाळा केला. एक वाचक लेखाच्या भरवशावर आई आणि लहान मुलीला घेऊन तिथे पोचले, तेव्हा बोट बंद होऊन तास उलटला होता. रात्री खाडीला वळसा घालून अनोळखी रस्त्याने गाडी चालवत गेले. त्यांनी मला ईमेल लिहिला. रागावून लिहिला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं होतं, आपण ही वेळ कुठून घेतलीत? मी उत्तर दिलं नाही. तो ईमेल अजून माझ्याकडे आहे. फ्लॅग लावलेला.

कोणी काही बोललं नाही. आतून काकूंनी विचारलं, "ताक देऊ का?"

रात्री उशिरा वीज आली तेव्हा सरांनी हळूच "अरे, मूर्ख आहे मी" असं म्हटलं. प्रोग्रॅमर हे वाक्य आनंदाने म्हणतात, हे मला नव्याने कळलं. एके ठिकाणी काहीतरी असणारच असं कोडने धरून ठेवलं होतं आणि त्या नऊ ओळी दिल्या की तिथे काहीच नसायचं. सहा तास शोधाशोध, दुरुस्ती तीन ओळींची. दादा आणि मी तोवर त्या पोर्टच्या नोंदीचं काम संपवत आणलं होतं. दोन पोर्ट, दोन ओळी, कोणती कशासाठी ते वर एका वाक्यात, आणि हे कोणत्या आवृत्तीपासून लागू ते त्याच्या शेजारी. ते एक वाक्य मी लिहिलंय, बरं का. इंग्रजीत सतरा शब्द. त्याला पाऊण तास लागला. झोपण्याआधी टाइमपास म्हणून आम्ही स्क्विडच्या त्या प्रसिद्ध नकाराच्या पानाचं मराठी करून पाहिलं. 'मागितलेला पत्ता आणता आला नाही' इथपर्यंत छान जमलं. कॅश अॅडमिनिस्ट्रेटरपाशी गाडी अडली. सरांनी सुचवलं, 'कोठी-व्यवस्थापक'. वहिनी म्हणाली, त्यापेक्षा मामाच लिहा.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही पुन्हा कुंपणापाशी. पहिली टोपली, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी उचलली आणि कासवमित्र खाली वाकला. वाळू हलत होती. मग एक राखाडी नाक, एक वल्ह्यासारखा हात. पाच, सात, अकरा. त्याने ती टोपलीत घेतली आणि पाण्यापासून काही अंतरावर सोडली. उचलून थेट पाण्यात का टाकत नाहीत, असं एका काकांनी विचारलं. तेवढी वाट त्यांना स्वतः चालू द्यायची असते, असं उत्तर मिळालं. चालणं कसलं, दोन पावलं पुढे आणि एका लाटेबरोबर चार मागे. कालचं रडणारं पोर आता दोरीला पोट टेकून, श्वास रोखून बसलं होतं. अकरावं पिल्लू बराच वेळ उलट्या दिशेला चालत होतं. शंभर माणसं त्याला कुजबुजत दिशा सांगत होती. सगळ्यांच्या सूचना त्याच्या काही उपयोगाच्या नव्हत्या. शेवटी वळलं आपलं आपण.

जेवून निघालो. वेळासला माझ्या फोनला रेंज नव्हती, दादाचा फोन फाटकापाशी उभं राहिलं तर एक काडी दाखवायचा. हे काम बिनइंटरनेटचं करता येतं, बदल मशीनवरच नोंदवून ठेवायचे आणि नंतर पाठवायचे. वेश्वीच्या जेट्टीवर बोटीची वाट बघताना रेंज आली. दादाने बॉनेटवर लॅपटॉप ठेवून दोन्ही बदल रवाना केले: सरांच्या तीन ओळी आणि आमची सुधारलेली नोंद. वहिनीने तिच्या नऊ ओळी तक्रारीच्या नंबरखाली डकवल्या.

मी तो फ्लॅग लावलेला ईमेल उघडला. 'आपण विचारलं होतं की ती वेळ कुठून घेतली. एका जुन्या कात्रणातून घेतली होती, तपासली नव्हती. चूक माझी आहे. आपल्या आईंना आणि मुलीला त्रास झाला त्याबद्दल माफ करा. उत्तराला चार वर्षं लागली त्याबद्दलही.' पाठवलं. बोट आली.

तीन आठवड्यांनी दादाचा मेसेज आला. सरांच्या तीन ओळी अजून घेतलेल्या नाहीत. मुख्य घर सांभाळणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारलंय की यासोबत एक टेस्ट लिहून द्याल का, म्हणजे हा बग पुन्हा उपटला तर आपोआप पकडता येईल. सर आता टेस्ट लिहितायत. माझ्या सतरा शब्दांच्या वाक्यातले पाच काढले. वाचून बघितलं, त्यांचं बरोबर होतं. माझ्या संपादकांना हे सांगू नका. माझ्या ईमेलला उत्तर आलेलं नाही.

कसं जाल: पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, बागमांडला आणि फेरीने वेश्वी. साधारण पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर, थांबत गेलात तर सहा तास धरा. कासवांचे दिवस साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, पण ती निघतीलच असं नाही. जेवण घरगुती आणि शाकाहारी, आधी सांगून जा. फेरीची शेवटची वेळ मी जेट्टीवरच्या माणसाला विचारली. तो म्हणाला, "पाटीवर आहे ती, पण निघायच्या आधी फोन करा हो, बदलते." त्यामुळे ती इथे छापत नाही. निघायच्या आधी फोन करा.